फायबर वितळत का नाही? काकांची मॅटॅडोर आणि लिओ बेकलंडची गोष्ट

मागच्या मे महिन्यात मी काकांच्या गाडीवर हीट गन चालवली आणि पाच मिनिटांत तिचं वाटोळं केलं.

गाडी म्हणजे जुनी मॅटॅडोर. आमचे मोठे काका वणीत फोटोग्राफर होते. लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो, रंगनाथस्वामींची यात्रा, जिथे काम तिथे ही गाडी. मागे त्यांनी फायबरचा उंच टप बसवून घेतला होता. आत एक बाकडं, एक गादी, कॅमेऱ्याची पेटी आणि स्टोव्ह. आज आपण ज्याला कॅम्पर व्हॅन म्हणतो, ती काकांनी कुणालाही न विचारता तेव्हाच करून घेतली होती. काकूंसोबत ते त्याच गाडीतून पंढरपूरपर्यंत जाऊन आले.

आता टपाचा पांढरा रंग पार मेला होता. हात फिरवला की तळहाताला खडूसारखी पावडर लागायची. घरच्यांचं ठरलं होतं, दिवाळीच्या आत गाडी भंगारात द्यायची. काका काही बोलत नव्हते, पण रोज सकाळी गाडीजवळ जाऊन उभे राहायचे. मी म्हटलं, थांबा, मी चमकवून देतो.

मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. गाडीचा काळा, पांढरट पडलेला बंपर हीट गननं तापवला की पुन्हा काळाभोर होतो. तो व्हिडिओ खोटा नव्हता. चूक माझी होती. मी तेच टपावर केलं. आधी वास आला, मग पांढऱ्याचा पिवळा झाला आणि तळहाताएवढा फोड आला. काका आले, फोडावरून बोट फिरवलं आणि आत निघून गेले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बंपर चमकला, मग टप का जळला? हे शोधता शोधता मी एका माणसापर्यंत पोहोचलो. त्याचं नाव लिओ बेकलंड. तुमच्या घरातल्या कुकरच्या दांड्यापासून हातातल्या मोबाईलच्या आतल्या बोर्डापर्यंत या माणसाचा धागा पोहोचतो.

चांभाराचा मुलगा आणि चांदीची साखळी

बेकलंडचा जन्म 14 नोव्हेंबर 1863 रोजी बेल्जियममधल्या गेन्ट शहरात झाला. वडील जोडे दुरुस्त करायचे. आई लोकांच्या घरी काम करायची. वडिलांना वाटे पोरानं धंद्याला लागावं, आईला वाटे शिकावं. आईचं चाललं.

पोरगं हुशार होतं आणि त्याला फोटोग्राफीचं वेड लागलं. त्या काळी फोटोची रसायनं स्वतः बनवावी लागत, त्यासाठी सिल्व्हर नायट्रेट हवं आणि त्याला चांदी लागते. असं सांगतात की वडिलांनी दिलेल्या घड्याळाची चांदीची साखळी त्यानं ॲसिडमध्ये विरघळवली. वडील काय म्हणाले असतील ते मला बरोबर कळतं.

गेन्ट शहराची शिष्यवृत्ती मिळवून तो विद्यापीठात गेला आणि 1884 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी डॉक्टरेट झाला. पुढे प्राध्यापक झाला. आपल्याच सरांची मुलगी सेलीन स्वार्ट्स हिच्याशी 1889 मध्ये लग्न केलं आणि त्याच वर्षी प्रवासाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला. तिथं कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक चँडलर यांनी त्याला इथेच राहा म्हणून गळ घातली. बेल्जियममधली पक्की नोकरी सोडून तो न्यूयॉर्कला एका फोटोसामानाच्या कंपनीत लागला.

(आपल्या वणीत बापूजी अणे जन्मले ते 1880 मध्ये. म्हणजे बापूजी पाळण्यात होते तेव्हा हा पोरगा विद्यापीठाच्या दारात होता. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो.)

पहिला शोध: उन्हाची गरज नसलेला फोटो

दोन वर्षांत त्यानं नोकरी सोडली आणि स्वतःचं काम सुरू केलं. एकाच वेळी दहा गोष्टी हातात घेतल्या आणि एकही पूर्ण होईना. मग तो जोरात आजारी पडला. पैसे संपले, कर्ज झालं. अंथरुणात पडल्या पडल्या त्यानं ठरवलं, आता एकच गोष्ट धरायची.

ती गोष्ट म्हणजे फोटोचा कागद. तोवर बहुतेक प्रिंट उन्हात काढाव्या लागत. ढग आले की धंदा बंद. बेकलंडनं असा कागद बनवला की जो घरातल्या गॅसच्या दिव्यावर चालायचा. दिव्याजवळ धरून उजेड द्यायचा, मग दिवा बारीक करून त्याच खोलीत प्रिंट धुवायची. नाव ठेवलं व्हेलॉक्स. 1893 मध्ये लिओनार्ड जेकोबी या भागीदारासोबत यॉन्कर्स इथं नेपेरा केमिकल कंपनी काढली.

सुरुवातीला कागद खपेना. जुने फोटोग्राफर उन्हाला सरावले होते. हौशी लोकांनी मात्र तो उचलून धरला. 1899 मध्ये कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमननं ही कंपनी विकत घेतली. रक्कम साधारण साडेसात लाख डॉलर सांगितली जाते. बेकलंड पन्नास हजार मागायचे आणि पंचवीस हजारांवर तयार व्हायचं असं मनात धरून गेला होता, आणि ईस्टमननंच आधी आकडा सांगितला, अशीही एक गोष्ट आहे. खरी असो वा नसो, छत्तीसाव्या वर्षाच्या आतबाहेर हा माणूस श्रीमंत झाला होता.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले. अंधाऱ्या खोलीत प्रिंट काढत त्यांची अर्धी जिंदगी गेली, पण दिव्याच्या उजेडावर चालणारा कागद कुणी गाजवला हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुसरा शोध: लाखेला पर्याय

कंपनी विकताना अट होती की काही वर्षं फोटोग्राफीत पडायचं नाही. म्हणून बेकलंडनं धंदाच बदलला. बर्लिनला जाऊन इलेक्ट्रोकेमिस्ट्री शिकून आला. यॉन्कर्सला स्नग रॉक नावाचं मोठं घर घेतलं आणि आवारातच प्रयोगशाळा थाटली.

मध्येच 1906 च्या सुमारास बायकापोरांना मोटारीत बसवून त्यानं युरोप पालथा घातला. त्या सफरीवर त्याचं पुस्तकही 1907 मध्ये आलं. तेव्हा रस्ते धड नव्हते, टायर सतत फुटायचे. गाडीत संसार घालून फिरणारे काका काही पहिले नव्हते!

त्या काळात वीज सगळीकडे पोहोचत होती. तारा आणि मोटारी यांना इन्सुलेशन हवं होतं आणि ते व्हायचं शेलॅकचं. शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणारे बारके किडे ती बनवतात. भारतातून ती जगभर जायची. मागणी वाढली, भाव चढले, पण किडे काही ओव्हरटाइम करत नाहीत.

बेकलंडनं लाखेला पर्याय शोधायचं ठरवलं. त्यासाठी दोन रसायनं घेतली: फिनॉल आणि फॉर्मलडिहाइड. फिनॉल तेव्हा दगडी कोळशाच्या डांबरातून मिळायचं. आपण वणीकर कोळशाच्या ट्रकची धूळ खात मोठे झालो, म्हणून हे वाचून मला गंमत वाटली.

ही दोन रसायनं एकत्र केली की चिकट, घट्ट राळ होते हे आधीच माहीत होतं. जर्मनीच्या आडोल्फ फॉन बायरनं 1872 मध्येच ती पाहिली होती. पण ती भांड्याला चिकटून बसे, फेसाळे, कशात विरघळत नसे. सगळे तिला वैतागले होते. प्रक्रिया आटोक्यात ठेवायची म्हणून लोक उष्णता कमी ठेवत. बेकलंडनं उलटं केलं. उष्णता वाढवली आणि फेस येऊ नये म्हणून वरून दाब दिला. त्यासाठी कुकरसारखं जाड लोखंडी भांडं बनवलं. त्याला बेकेलायझर म्हणत. ते मूळ भांडं आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

त्यातून निघाला कडक, वीज न वाहणारा, आगीत न वितळणारा पदार्थ. त्याला त्यानं स्वतःचं नाव दिलं: बेकेलाइट. पेटंटचा अर्ज जुलै 1907 मध्ये केला. इंग्लंडमधले जेम्स स्विनबर्न याच वाटेवर होते आणि त्यांचा अर्ज एका दिवसानं हुकला असं सांगतात. फेब्रुवारी 1909 मध्ये बेकलंडनं न्यूयॉर्कच्या रसायनतज्ज्ञांसमोर शोध जाहीर केला आणि डिसेंबर 1909 मध्ये पेटंट मिळालं. निसर्गातल्या कुठल्याही पदार्थाला हात न लावता, पूर्णपणे रसायनांतून बनवलेलं हे पहिलं प्लॅस्टिक. आधीचं सेल्युलॉइड कापसातल्या सेल्युलोजपासून व्हायचं.

तूप आणि भाकर

आता माझ्या जळक्या टपाकडे या. प्लॅस्टिकच्या दोन जाती असतात.

पहिली जात तुपासारखी. तापवलं की पातळ, थंड झालं की घट्ट, पुन्हा तापवलं की पुन्हा पातळ. बादली, पाण्याची बाटली, गाडीचा काळा बंपर या जातीचे. याला थर्मोप्लॅस्टिक म्हणतात. बंपरचा वरचा पापुद्रा गरम होऊन पुन्हा सपाट होतो म्हणून हीट गन चालते.

दुसरी जात भाकरीसारखी. पीठ मळता येतं, थापता येतं, पण एकदा तव्यावर भाजली की पुन्हा पीठ होत नाही. आणखी तापवाल तर करपते. याला थर्मोसेट म्हणतात. आतल्या लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या गाठींनी कायमच्या बांधल्या जातात. बेकेलाइट याच जातीचं. कुकरचा काळा दांडा रोज गॅसवर असूनही वितळत नाही तो म्हणून. जुन्या घरातले गोल काळे स्विचही याचेच.

बेकलंडनं फायबर ग्लास बनवलं नाही, हे स्पष्ट सांगतो. काचेचे बारीक धागे कारखान्यात स्वस्तात काढायची युक्ती 1930 च्या दशकात अमेरिकेत गेम्स स्लेटर आणि सहकाऱ्यांनी बसवली. पॉलिएस्टर रेझिनवर त्याच सुमाराला कार्ल्टन एलिस काम करत होता. दोन्ही एकत्र आले आणि बोटी, गाड्यांच्या बॉड्या, टाक्या सगळं होऊ लागलं. 1953 ची शेव्हरोले कॉर्व्हेट फायबरच्या बॉडीची होती. पण पातळ रेझिन साच्यात घालायचं आणि कायमचं कडक करायचं, या विचाराला उद्योगाचं रूप बेकलंडनं दिलं.

आणि हो, तुमच्या मोबाईलच्या आतला हिरवट किंवा काळा सर्किट बोर्डही बहुधा काचेचं कापड आणि इपॉक्सी रेझिनचाच असतो. म्हणजे काकांच्या टपाचा चुलतभाऊ तुमच्या खिशात आहे.

यश आणि मग एकटेपणा

1910 मध्ये जनरल बेकेलाइट कंपनी निघाली. टेलिफोन, रेडिओची पेटी, गाड्यांचे भाग, सगळीकडे बेकेलाइट गेलं. रेझिनमध्ये लाकडाचा भुसा मिसळून ते साच्यात दाबत. कंपनीच्या शिक्क्यात अनंताचं चिन्ह होतं. प्रतिस्पर्ध्यांशी पेटंटचे खटले झाले आणि शेवटी 1922 मध्ये दोन मोठे प्रतिस्पर्धी सोबत घेऊन बेकेलाइट कॉर्पोरेशन तयार झालं. 1924 मध्ये टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो आला. 1934 मध्ये कोडॅकनं बेबी ब्राउनी नावाचा स्वस्त कॅमेरा काढला, त्याचा डबा बेकेलाइटचा. ज्या कंपनीनं त्याचा कागद विकत घेतला, तिचाच कॅमेरा त्याच्या रेझिनचा झाला.

पण घर काही तितकं सुखाचं नव्हतं. पहिली मुलगी लहानपणीच वारली. मुलगा जॉर्ज धंद्यात आला, पण बापाचं मन राखणं त्याला जमलं नाही. 1939 मध्ये कंपनी युनियन कार्बाइडकडे गेली. म्हातारपणी बेकलंड एकलकोंडा होत गेला. फ्लोरिडातल्या घरी राहायचा आणि डब्यातलं अन्न तसंच खायचा म्हणतात. 23 फेब्रुवारी 1944 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन इथं वयाच्या ऐंशीव्या वर्षी तो गेला.

एक गोष्ट मला लागली. न वितळणारं, न विरघळणारं असं काही बनवलं म्हणून त्याचं नाव झालं. पण बेकेलाइटही ऊन खाऊन निस्तेज होतं. वरचा रेझिनचा गुळगुळीत थर झिजतो आणि आतला भुसा उघडा पडतो. जुने रेडिओ जपणारे लोक तो थर हळुवार पॉलिश करतात. त्यावरून मला माझा रस्ता सापडला.

टप कसा चमकवला

फायबरच्या वरचा रंग म्हणजे जेलकोट. रंग मिसळलेलं रेझिन, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. उन्हातले अतिनील किरण, हवा आणि पाणी मिळून वरचं रेझिन तोडतात. मग रंगाचे कण उघडे पडतात, तीच खडूसारखी पावडर. पृष्ठभाग खडबडीत झाला की उजेड आरशासारखा परत न येता चहूकडे फाकतो, म्हणून चमक जाते. चमक हा वेगळा रंग नसतो, तो सपाटपणा असतो. म्हणजे मेलेला थर काढून खालचा सपाट केला की झालं. पण थर अर्ध्या मिलिमीटरचाच आहे, हे विसरायचं नाही.

पावसाळा ओसरल्यावर मी कामाला लागलो.

1. धुणं. साधा साबण आणि भरपूर पाणी. आमच्याकडे कोळशाची आणि चुन्याची धूळ बसते. ती राहिली तर घासताना ओरखडे पडतात.

2. वॉटर पेपर. खराब भागावर 1000 नंबर, मग 1500, मग 2000. कायम पाणी टाकत, हलक्या हातानं. सुरुवातीला दुधासारखं पाणी निघतं, तो मेलेला थर. कडा आणि कोपऱ्यांवर थर पातळ असतो, तिथं आधी टेप लावा. काचेचे धागे दिसू लागले तर थांबा. जेलकोट संपला, आता तिथं नवा थर किंवा रंगच लागेल. नुसता हलका मळकटपणा असेल तर ही पायरी सोडून थेट तिसरी करा.

3. रबिंग कंपाउंड. बफिंग मशीन कमी वेगात, सतत फिरतं ठेवून. एका जागी थांबाल तर पुन्हा उष्णता. माझ्यासारखी चूक दुसऱ्यांदा करायची नाही. उन्हात करू नका. मी सकाळी सहा ते नऊ काम केलं.

4. पॉलिश आणि मेण. बारीक पॉलिश, मग कार्नोबा मेणाचे दोन हात. मेण चमक बनवत नाही, बनलेली राखतं. आपल्या उन्हात तीन-चार महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं.

जळलेल्या फोडासाठी वेगळं काम होतं. तो भाग खरवडून काढला, काचेची मॅट आणि रेझिन भरलं, वर जेलकोट. रेझिनमध्ये हार्डनर अगदी मोजून घालावं लागतं. जास्त झालं तर मिश्रण स्वतःच तापतं आणि तडकतं. जेलकोट हवेला उघडा राहिला तर वरून चिकट राहतो, म्हणून त्यावर प्लॅस्टिकची फिल्म चिकटवली. हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. चष्मा, हातमोजे, मास्क हे तिन्ही लावूनच काम करा, आणि कोरडं घासू नका.

माझ्यासमोर मगातलं रेझिन पातळाचं घट्ट झालं, मग गरम झालं, मग दगड. शंभर वर्षांपूर्वी बेकलंड त्याच्या लोखंडी भांड्यावर हेच पाहत बसला असणार.

दसरा

सगळ्याला अकरा सकाळी लागल्या. टप नवा दिसत नाही. फोडाची जागा नीट पाहिलं की कळते, तिथला पांढरा थोडा वेगळा आहे. पण हात फिरवला तर पावडर लागत नाही, आणि समोर उभं राहिलं की आपला चेहरा पुसट दिसतो.

दसऱ्याला घरातल्या गाड्या धुतल्या, तेव्हा काकांनी मॅटॅडोरलाही झेंडूचा हार घातला. भंगारवाल्याला काय सांगायचं हे घरात कुणी विचारलं नाही. काकांनी फक्त त्या वेगळ्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं, मला जवळ बोलावलं आणि जुना कॅमेरा काढून मला गाडीजवळ उभं केलं. फोड नेमका फोटोत येईल असं उभं केलं!

आज घरी गेलात की कुकरचा दांडा एकदा हातात घ्या. आणि कुठल्याही व्हिडिओवरून वस्तू तापवायच्या आधी एवढं विचारा: हे तूप आहे की भाकर?